बीजगणिताचा ताळा

दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास आपल्याकडच्या अनेक घरांत एकच प्रसंग घडतो. मुलाला किंवा मुलीला अभियांत्रिकीला, नाहीतर बी.एस्सी.ला प्रवेश मिळालेला असतो. पेढे वाटून झालेले असतात. मग पहिल्या सत्राचे वेळापत्रक हाती येते आणि त्यात ठळकपणे दिसते ते गणित. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. पुन्हा आपले तेच क्ष आणि य. मुलगा कुरकुरतो आणि वडीलही त्याची बाजू घेतात : "आकडेमोड करायला आता संगणक आहे. मग हे बीजगणित कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे आणि तो केवळ घरगुती नाही. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमपुस्तिकेने बारावीला गणित न घेतलेल्यांनाही अभियांत्रिकीची वाट मोकळी करण्याचा विचार मांडला, तेव्हा देशभर वाद माजला. पण त्याच पुस्तिकेत अशा विद्यार्थ्यांसाठी गणिताचा पूरक अभ्यासक्रम घ्यावा, असेही होते. म्हणजे दारातून बाहेर ठेवलेले गणित खिडकीतून आत आलेच. असे का व्हावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम नावाकडे पाहू. भास्कराचार्यांनी आपला सिद्धान्तशिरोमणी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. बीजगणित हा त्याचाच एक भाग. आकड्यांचे गणित ते 'व्यक्त' आणि अज्ञाताचे गणित ते 'अव्यक्त', असा भेद आपल्या परंपरेने केला. अज्ञाताला नाव दिले 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके असेल तितके'. अज्ञाते अनेक असली तर काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला, असे तो सांगतो. बीजगणिताचा अभ्यासक्रम आपल्या मुलखाला नवा नाही, तो असा!

'जितके असेल तितके' या दोन शब्दांत बीजगणिताचे सारे मर्म आहे. जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचे, ते माहीत असल्यासारखे त्याच्याशी वागायचे, आणि त्याचे इतरांशी असलेले नाते लिहून काढायचे. हे नाते म्हणजेच समीकरण.

आता एक नेहमीच्या पाहण्यातली वस्तू घेऊ. पत्र्याच्या छपराखाली लोखंडी कैची असते. तिचे अगदी साधे रूप म्हणजे त्रिकोण : दोन तिरप्या पट्ट्या, एक आडवी पट्टी आणि तीन सांधे. छपराचा भार पडला की कोणत्या पट्टीवर किती ताण येतो? हे डोळ्यांनी दिसत नाही. ते अव्यक्त आहे. पण छप्पर स्थिर उभे आहे एवढे आपल्याला ठाऊक असते. अर्थात प्रत्येक सांध्यावर आडव्या बलांची बेरीज शून्य, आणि उभ्या बलांचीही शून्य. सांध्यागणिक दोन, म्हणजे तीन सांध्यांची सहा समीकरणे झाली. अज्ञातेही सहाच : तीन पट्ट्यांतली तीन बले आणि भिंतींकडून मिळणारी तीन आधारबले. सहा समीकरणे, सहा अज्ञाते, हिशेब जमला. रेल्वेच्या पुलाची कैची घेतली तर हीच संख्या डझनांत जाते, म्हणून विद्यार्थ्याला आकड्यांच्या त्या चौकटी शिकवाव्या लागतात, ज्यांना पाठ्यपुस्तकात सारणी किंवा मॅट्रिक्स म्हणतात.

"मग ती सोडवील संगणक!" जरूर सोडवील, पण कोणत्या रीतीने? वीस समीकरणे घ्या. निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, पूर्ण विस्तार करून मांडायचा म्हटले, तर एकाच निश्चयकाची पदे होतात सुमारे २४ लाख अब्ज, आणखी हजारपट. सेकंदाला एक अब्ज पदे उरकणारे यंत्र अखंड चालले तरी त्याला ७७ वर्षे लागतील. उलट, एका समीकरणाच्या साहाय्याने दुसऱ्यातून एकेक अज्ञात काढून टाकण्याची शाळेतलीच रीत शिस्तीने वापरली, तर तीन हजारांच्या आसपास गुणाकार-भागाकारांत काम संपते. यंत्र तेच, प्रश्न तोच. फरक पडला तो बीजगणिताच्या जाणकारीने. यंत्राला वेग आहे, पण वाट दाखवणारा माणूसच लागतो.

दुसरे उदाहरण अधिक नवलाचे आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांनी सांगितले होते. कारण उघड आहे : धनाचा वर्ग धन, ऋणाचाही धन. पुढे १५७२ साली इटलीत बॉम्बेली या गणित्याने एक समीकरण तपासले : क्ष चा घन बरोबर १५ क्ष अधिक ४. येथे क्ष = ४ हे सरळ उत्तर आहे; चाराचा घन ६४, आणि ६० अधिक ४ हेही ६४. पण त्या काळचे नवे सूत्र लावले की मध्येच उणे १२१ चे वर्गमूळ उभे राही. बॉम्बेली थबकला नाही. त्या 'अशक्य' संख्यांना नियम घालून देऊन तो पुढे गेला आणि अखेरीस त्याच ४ वर पोहोचला. तीन शतके लोटली. १८९३ साली स्टाइनमेट्झ या विद्युत अभियंत्याने याच संख्या प्रत्यावर्ती विजेच्या हिशेबाला लावून दाखवल्या. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते. मोटारीत विद्युतदाब आणि प्रवाह एकाच क्षणी शिगेला पोहोचत नाहीत. प्रवाह मागे रेंगाळतो. किती प्रवाह आणि किती मागे, या दोन्ही गोष्टी एकच संमिश्र संख्या सांगते. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना विजेच्या बिलातला पॉवर फॅक्टर चांगला ठाऊक असतो. त्याच्या मुळाशी हे रेंगाळणेच आहे.

विषय असा उपयोगाचा असताना इतकी मुले यात का अडखळतात? आमच्याकडे एकदा पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी आला. तालुक्याच्या गावचा, मराठी शाळेत शिकलेला, दहावीला उत्तम गुण. या विषयात केटी लागली होती. खाली मान घालून म्हणाला, "सर, मला हे जमणार नाही. घरी सांगून टाकतो आणि सोडतो."

आम्ही म्हटले, "सोडायचे ते मागाहून बघू. आधी वही दाखव."

वही पाहिली आणि आश्चर्य वाटले. रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होती. चूक होती ती एकाच जातीची : चारातून उणे तीन वजा करताना तो सात लिहायच्या ऐवजी एक लिहीत असे. शाळेत कधीतरी कच्चे राहिलेले चिन्ह महाविद्यालयात त्याच्या आड आले होते. त्यात भाषा बदललेली. कालचे समीकरण आज 'इक्वेशन' झालेले. वर्गात विचारायला जीभ रेटेना. मग 'मला बुद्धी नाही' असा निष्कर्ष त्याने स्वतःच काढून टाकला होता.

आणि ही चूक क्षुल्लकही नव्हे. कैचीच्या हिशेबात अधिक म्हणजे पट्टी ओढली जाते आहे, उणे म्हणजे दाबली जाते आहे, असा संकेत असतो. ओढली जाणारी सळई बारीक असली तरी चालते. दाबाखाली तीच सळई वाकून जाते. वहीतले चुकलेले उणे चिन्ह छपरावर गेले, तर खाली माणसे असतात.

तसेच दुसरे दुखणे 'दोहोंच्या बेरजेचा वर्ग' हे. सूत्र तोंडपाठ असूनही घाईत मुले दोन वर्गांचीच बेरीज करतात. दहा फूट चौरस खोली दोन्ही बाजूंनी दोन दोन फूट वाढवा. नवी खोली बारा फुटी, क्षेत्रफळ १४४ चौरस फूट. शंभर आणि चार मिळून १०४ च होतात. उरलेले चाळीस कोठे गेले? त्या कडेच्या दोन लांब पट्ट्या आहेत, प्रत्येकी वीस चौरस फुटांच्या. फरशी बसवणारा गवंडी त्या कधी विसरत नाही, कारण त्याला त्या दिसतात. विद्यार्थ्याला त्या दाखवाव्या लागतात, एवढेच.

त्या विद्यार्थ्याला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, आठ दिवस लाज न बाळगता सातवी-आठवीची पुस्तके काढ आणि कंस व चिन्हे पक्की कर. दुसरी, प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा पाहा. ताळा जमल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारू नकोस. पुढच्या परीक्षेत तो सुटला. त्याने मिळवलेल्या गुणांपेक्षा त्याचे एक वाक्य आमच्या लक्षात राहिले : "सर, आता बरोबर आहे का, हे मला कोणाला विचारावे लागत नाही."

मूळ प्रश्नाचे उत्तर आम्हाला या वाक्यात सापडते. हिशेबाचे तीन भाग असतात : मांडणी, आकडेमोड आणि ताळा. मधला भाग यंत्राने घेतला आहे, आणि बरे झाले. पण आधीचा आणि शेवटचा भाग माणसाकडेच राहिला आहे. चुकीची मांडणी दिली तर यंत्र कुरकुर न करता चुकीचे उत्तर देते, आणि तेही अत्यंत सुबक अक्षरात. अशा वेळी 'थांबा, हे जमत नाही' असे म्हणणारा कोणीतरी हवा. तो तयार करण्यासाठी हा अभ्यासक्रम आहे.

तेव्हा पालकांना आमची विनंती एवढीच. मूल या विषयात घसरले तर त्याची बुद्धी काढू नका. त्याची वही काढा. चूक बहुधा कोठल्यातरी एकाच पायरीवर, आणि बरीच जुनी, सापडेल. ती दुरुस्त होण्याजोगी असते.