कंपासपेटी आणि परवाना

आमच्या माजघरातील कपाटात निळ्या मखमलीचे अस्तर असलेली एक कंपासपेटी आहे. आजोबा बडोद्याच्या कलाभवनात शिकत असताना त्यांनी ती विकत घेतली. सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेले हे कलाभवन पुढे त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात सामावले गेले. आजोबांचे शिक्षण संपले, तरी पेटी त्यांचीच राहिली. तिच्या साह्याने त्यांनी परीक्षेची रेखाटने केली, नोकरीतली केली आणि आमच्या राहत्या घराचा नकाशाही काढला. ‘ही केवळ अभ्यासापुरती वापरा’ असे पेटी विकणाऱ्याने त्यांना बजावले नव्हते.

आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात गेले, तेव्हा ही पेटी त्यांना द्यावी असे आमच्या मनात होते. परंतु त्यांचे सारे रेखन संगणकावर चाललेले! मकरपुऱ्यात लहानसा कारखाना चालविणारे त्यांचे मामा एका रविवारी जेवायला आले असता सहज म्हणाले, “अरे, एका जिगचं ड्रॉइंग काढून दे. तुझं सॉफ्टवेअर फुकटच आहे ना?”

“मामा, फुकट आहे म्हणूनच नाही काढता येत,” चिरंजीव उत्तरले.

मामांना हा उद्धटपणा वाटला. खरे सांगायचे तर आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. पुढचे दोन रविवार मामा आले नाहीत. तेव्हा हे प्रकरण आहे तरी काय, ते मुळातून समजून घ्यावे असे आम्ही ठरविले.

सॉफ्टवेअर आपण विकत घेतो असे म्हणतो, पण वस्तुतः घेतो तो वापरण्याचा परवाना. ऑटोडेस्क ही कंपनी पात्र विद्यार्थ्यांना आपली शैक्षणिक आवृत्ती एक वर्षापुरती विनामूल्य देते, आणि विद्यार्थिदशा चालू असेतो तिचे दरवर्षी नूतनीकरण करता येते. अट एवढीच, की तिच्यावर शिकावे; धंद्याचे काम करू नये. मामांच्या जिगचे पैसे मिळणार होते की नाही, हा प्रश्नच गौण होता. जिग कारखान्यासाठी होती, तेवढे पुरे.

गणिती कामासाठी अभियंत्यांत प्रसिद्ध असलेल्या मॅटलॅबचे परवाने तर आणखी बारकाईचे आहेत. महाविद्यालयाने संपूर्ण परिसरासाठी परवाना घेतला असेल, तर विद्यार्थ्याला ते स्वतःच्या लॅपटॉपवरही घालता येते, मात्र प्रवेश टिकून असेपर्यंतच. तसा परवाना नसेल, तर विद्यार्थ्याने स्वतःच्या संगणकासाठी स्वतंत्र विद्यार्थी-परवाना घ्यावा. याखेरीज घरगुती परवाना म्हणूनही एक प्रकार आहे. तो छंदासाठी, त्यावर महाविद्यालयाचा अभ्यास चालत नाही. म्हणजे एकाच मुलाने एकाच मेजावर बसून, सकाळी अभ्यास आणि संध्याकाळी छंद केला, तर परवान्याच्या दृष्टीने ते दोन निराळे इसम ठरतात!

याचा प्रत्यय चिरंजीवांच्या प्रकल्पात आला. कुंडीतील मातीचा ओलावा मोजून पंप आपोआप चालू करण्याची ती योजना होती. तिच्यासाठी त्यांनी खाऊच्या पैशांतून आर्डुइनोचा बोर्ड आणला होता. इटलीतील इव्रेआ गावी २००५ साली जन्मलेल्या या बोर्डाची रचनाच सर्वांस खुली आहे, त्यामुळे त्याबाबत काही तंटा नव्हता. मोजमापांचे आलेख दाखविण्यासाठी लॅबव्ह्यू वापरावे असे ठरत होते. २०२० साली त्याची एक विनामूल्य आवृत्ती निघाली, आणि ती आर्डुइनोशी जुळतेही. परंतु अटी वाचता कळले, की ती वैयक्तिक, बिगरव्यापारी उपयोगासाठी आहे. पदवी देणाऱ्या संस्थेतील अध्यापन वा संशोधन तीत बसत नाही. बोर्ड आपला, कुंडी आपली, पंपही आपला. पण प्रकल्प महाविद्यालयाचा! चिरंजीवांनी तो नाद सोडला.

लॅपटॉप घेताना दुकानदार पुष्कळदा ‘सगळं घालून देतो’ असे म्हणतो. आम्हालाही एकाने म्हटले होते. त्या चोरट्या प्रतीमागून संगणकात काय काय शिरेल याचा नेम नाही, हे तर झालेच. पण आपल्या प्रतिलिपी अधिकार कायद्याचे कलम ६३ ब सुद्धा पालकांनी ध्यानात ठेवावे. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. वापर धंद्यासाठी किंवा लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर भागवू शकते; पण मध्यमवर्गीय घराला तेही थोडे नव्हे. आणखी एक गोष्ट: सॉलिडवर्क्स हे केवळ विंडोजवर चालते. नातेवाइकांनी हौसेने परदेशाहून ॲपलचा लॅपटॉप पाठविण्याआधी अभ्यासक्रमात काय लागते ते पाहिलेले बरे.

या अटींच्या जंजाळाबाहेरही एक वाट आहे. रेखाटनासाठी फ्रीकॅड, विद्युत्‌-मंडलांसाठी कायकॅड, गणितासाठी सायलॅब आणि ऑक्टेव्ह ही सॉफ्टवेअरे कोणीही, कोणत्याही कामासाठी, कितीही संगणकांवर वापरावीत. (ऑक्टेव्ह हे नाव संगीतातले नाही. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेवेनस्पिल यांच्यावरून ते ठेवले आहे. त्यांचे पाठ्यपुस्तक आपल्याकडील कित्येक रसायन अभियंत्यांनी अभ्यासले असेल.) मुंबईच्या आय. आय. टी.मधील ‘फॉसी’ हा उपक्रम अशा सॉफ्टवेअरांचा प्रसार करतो. तेथूनच सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’च्या अनेक पाठांना मराठी निवेदनही आहे. गुजराती आणि इंग्रजीत शिकलेल्या आमच्या मुलाच्या खोलीतून एके रात्री शुद्ध मराठीत त्रिज्या आणि स्पर्शिका यांची नावे ऐकू आली, तेव्हा सौभाग्यवती हातातले काम टाकून दाराशी उभ्या राहिल्या.

फ्रीकॅड मात्र चटकन हाती लागत नाही, हे कबूल केले पाहिजे. महाविद्यालयात शिकविलेल्या सॉफ्टवेअरहून त्याची रीत वेगळी, आणि नोकरीच्या जाहिरातींत नाव बहुधा त्या महागड्या सॉफ्टवेअरचेच असते. म्हणून अभ्यास एकावर आणि मामांचे काम दुसऱ्यावर, अशी विभागणी आमच्या घरी झाली. जिगचे ड्रॉइंग काढायला चिरंजीवांना तीन आठवडे लागले. मामांनी ते डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले, एका भोकाचा व्यास चुकल्याचे दाखविले, आणि पुढच्या रविवारी दुसरे काम घेऊन जेवायला आले.