डाव्या हाताचा पुरावा

हार्पर ली यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत, मंदीने गांजलेल्या अलाबामातील एका गावी, टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर गोऱ्या तरुणीवरील बलात्काराची फिर्याद गुदरली जाते. मार तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. आणि टॉमचा डावा हात तर बालपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला! हे भर न्यायालयात सिद्ध होऊनही, ‘मला तिची दया आली’ अशा आशयाचे टॉमचे सरळ उत्तरच सरकारी वकिलास उद्धट वाटते, कारण काळ्याने गोऱ्यांची कीव करावी हेच त्या समाजास असह्य, आणि वर्णद्वेषाचे इतके मर्मभेदी दर्शन मला अन्यत्र क्वचितच आढळले. गोऱ्यांची ज्यूरी त्याला दोषी ठरवते. कादंबरीस १९६१ चे पुलित्झर पारितोषिक लाभले.