साचाखाते, संगणक आणि आपला मास्तर

माधवनगर म्हटले की सांगली जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला कापडपेठ आठवते, कापड गिरणी आठवते, यंत्रमागांची खडखड आठवते. सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागले की हे गाव, आणि त्याला लागूनच बुधगाव, जिथे वसंतदादा पाटलांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सूत आणि संगणक एकाच रस्त्यावर! पण या पट्ट्यातल्या आपल्या पोरांना विचारा, बाबा रे, पुढे काय? पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी ही उत्तरे ठरलेली. 'मी वेब डेव्हलपर होणार' म्हणणारा क्वचित भेटतो आणि 'मी कोडिंग शिकवणार' म्हणणारा तर त्याहून क्वचित. असे का, याचा विचार चळवळीने केला पाहिजे.

माग आणि संगणक हे तसे एकाच घराण्यातले. फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या कारागिराने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग बनवला. कोणता धागा वर उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, हे त्या भोकांनी ठरायचे. तीच पत्त्यांची कल्पना इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली आणि त्या यंत्राने गणित कसे करावे याची पायरीपायरीची कृती १८४३ मध्ये एडा लव्हलेस या बाईने छापली. आज जगाला ज्या प्रोग्रामचे कौतुक आहे, त्याचा एक पूर्वज विणकराच्या मागावर बसलेला होता. बाबासाहेबांनी ज्या कबीराला गुरू मानले तोही विणकरच, हे जाता जाता.

पण माग कोणाचा, हा प्रश्न आपल्या बापजाद्यांना फार महाग पडला आहे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार बरा होता. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय? कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे. आमची थुंकी लागलेला धोटा सवर्ण साचेवाल्याला चालत नव्हता! मग आमच्या माणसांनी कमी पगाराच्या त्रासन खात्यात राबायचे. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांची एकी हवी ना, मग साचाखाते आमच्यासाठीही उघडा. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्यांना ते सहज पचले नाही.

आता खाउजाच्या धोरणानंतर, म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांच्या रेट्यात, सरकारी नोकरी आटत चालली. राज्यघटनेच्या कलम १६(४) चे संरक्षण राज्याच्या सेवेपुरते आहे. खासगी कंपनीच्या दारात ते थांबते. चांगला पगार मात्र त्या दाराच्या आत आहे. नवे साचाखाते ते हेच. इथे धोटा नाही, थुंकी नाही. तरी विटाळ गेला का?

डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नाही गेला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०० च्या वर अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, नाव तेवढे वेगळे. दलित नावाच्या अर्जदाराला पुढच्या टप्प्याला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच भरली आणि मुस्लिम नावाची तर एक-तृतीयांश. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासासाठी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मोठमोठ्या कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. गुणवत्तेचे गोडवे गाणारे हेच साहेब उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून पाहत होते. वडील काय करतात? घरी कोण शिकलेले? गुणवत्ता मोजायला बाप कशाला लागतो, हे कोणी सांगावे.

अर्जात छंदाचाही एक रकाना असतो. शहरातला मुलगा तिथे गिटार लिहितो, ट्रेकिंग लिहितो. आपला मुलगा 'वाचन' लिहून मोकळा होतो. सुट्टीत बापाबरोबर गवंड्याच्या हाताखाली गेला, जयंतीला हलगी वाजवली, गल्लीतल्या पोरांना गणित शिकवले, हे तो लिहीत नाही. आवडीलासुद्धा जात असते.

असे असूनही वेबचे क्षेत्र आपल्यासाठी महत्त्वाचे का? आम्हा वकिलांना सनद लागते, शाळामास्तरला बी.एड. लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. वेब डेव्हलपरला कायद्याने यातले काहीच लागत नाही आणि कोडिंग शिकवणाऱ्यालाही नाही. टिम बर्नर्स-ली याने स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या प्रयोगशाळेत वेब उभे केले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते तंत्र कोणताही मोबदला न घेता सगळ्या जगाला खुले केले. चवदार तळे खुले करायला आपल्याला डोकी फोडून घ्यावी लागली. हे तळे असे की कोणाचीही परवानगी न घेता कोणीही ओंजळ भरावी. ब्राउझरमध्ये कोणतेही पान उघडा, त्यामागचा एचटीएमएल मजकूर डोळ्यांपुढे मांडता येतो. एचटीएमएल म्हणजे घराचा सांगाडा, सीएसएस म्हणजे गिलावा आणि रंग, जावास्क्रिप्ट म्हणजे बटण दाबताच दिवा लावणारी वीज. गवंड्याच्या पोराला हे समजायला कितीसा वेळ लागेल?

वेळ लागतो तो दुसऱ्याच कारणाने. समजावून सांगणारा आपल्या भाषेत बोलत नाही. एमएस-सीआयटी २००१ पासून गावोगाव पोचली आणि तिच्या प्रमाणपत्राने अनेकांची सरकारी नोकरीची अट पुरी झाली. पण ती संगणक वापरायला शिकवते, घडवायला नव्हे. आपण प्रमाणपत्रावर समाधान मानले. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. मोफत सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ, मराठीतूनही ऐकायला मिळणारे. एका खिडकीत पाठ, दुसऱ्या खिडकीत स्वतःचा हात, अशी त्याची पद्धत. आपल्या किती अभ्यासिकांत तो कोणी लावून दिला आहे?

लावून देणारा माणूस हवा. तो फार मोठा पंडित हवा असेही नाही. २०१४ साली 'फ्रीकोडकॅम्प' सुरू करणारा अमेरिकेतला क्विन्सी लार्सन हा मूळचा शाळा चालवणारा माणूस. वयाची तिशी गाठल्यावर कोडिंग शिकला आणि शिकता शिकता कळलेले जगाला फुकट वाटू लागला. नुकताच शिकलेला माणूस चांगला मास्तर होतो, कारण आपण कुठे अडखळलो ते त्याला आठवत असते. आपल्याकडे वर्ध्याची नालंदा अकॅडमी घ्या. अनूप कुमार यांनी वंचितांच्या मुलांना देशातल्या नामवंत विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार करून दाखवले. जे प्रवेश परीक्षेला जमते ते कोडिंगला का जमू नये?

माधवनगर-बुधगाव पट्ट्यात अभियांत्रिकीला गेलेली आपली मुले आहेत, समाजमंदिर आहे, संध्याकाळी दोन तास मोकळे आहेत. पाच जुने लॅपटॉप आणि एक इंटरनेट जोडणी एवढीच सामग्री. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाणारा खर्च एक वर्ष इकडे वळवला तरी भागेल. हे बोलले की मंडळाची पोरे रागावतात. रागवोत. आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते, मग शिकून काय उपयोग, असेही विचारतात. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे पाहणारा डोळा तर लागतोच, आणि तो नकलेने येत नाही.

शिकून आत शिरल्यावर सगळे मिटले, या भ्रमातही राहू नये. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर आपल्या एका दलित अभियंत्याला जातीवरून वागणूक दिल्याचा दावा लावला. त्यातल्या दोन वरिष्ठांवरचा दावा २०२३ मध्ये मागे घेतला गेला. पण जात विमानात बसून सिलिकॉन व्हॅलीपर्यंत जाते हे जगाला कळले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली.

आपल्याकडे अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने इतरांना खुल्या असलेल्या व्यवसाय-नोकरीपासून अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणे हा गुन्हा ठरवला आहे. अडचण पुराव्याची. म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना वकील म्हणून एवढे सांगतो. आडनावाचे मूळ, वडिलांचा धंदा, गावातली वस्ती असे काही विचारले, तर तारीख, वेळ, विचारणाऱ्याचे नाव आणि नेमके शब्द त्याच रात्री लिहून काढा. नकाराचा ईमेल पुसू नका. मोबाईल बदलला तरी जुना मोडीत देऊ नका, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ यंत्र हाताशी असले की ते काम सोपे जाते.