हुनर आहे, दाखला नाही

भिवंडी, मालेगाव, कुर्ला, धारावी, कोठेही जा. आठवी-नववीत शाळा सुटलेला मुलगा बहुधा दोनच ठिकाणी सापडतो: नाक्यावर, नाहीतर एखाद्या उस्तादाच्या हाताखाली. नाक्यावरच्या मुलाचे पुढे काय होते, हे आपल्या मोहल्ल्यात कोणाला सांगायला नको. म्हणून गॅरेजमध्ये किंवा शिलाईच्या कारखान्यात टिकला तो वाचला, असे आपण मानतो. आमच्या मते हे निम्मेच खरे आहे. चार वर्षांत तो अख्खे इंजिन उघडून बसवू लागतो. पण मोठ्या कंपनीच्या दारात ‘दाखला कुठे आहे?’ असे विचारले की तसाच परत फिरतो.

६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, असे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. अशा मुलांसाठी केंद्राने २०१५ साली ‘नई मंझिल’ योजना काढली. ती पुढे ‘पीएम विकास’ योजनेत सामील झाली. परंतु वेळेवर हजर राहणे, गिऱ्हाईकाशी नीट बोलणे, माप चुकले तर कबूल करणे, या गोष्टी वर्गापेक्षा उस्तादाच्या नजरेखाली लवकर येतात. आपले कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्याला सरकारी पैशाची जोड मिळू शकते, हे मात्र अनेकांना ठाऊक नाही.

कायदा काय देतो?

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याच्या आधाराने २०१६ साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. ठरलेल्या विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलते. २०२३ पासून ही रक्कम थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होते. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे. ४ ते २९ माणसे असतील तर ऐच्छिक. पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्या मुलांसाठीही विद्यावेतनाची वेगळी पायरी आहे. करार नोंदवावा लागतो. मुदत पूर्ण करून परीक्षा उतरला की मुलाच्या हाती प्रमाणपत्र येते.

आता हिशेब पाहू. समजा विद्यावेतन ६,००० रुपये ठरले, तर सरकार १,५०० देईल आणि मालकाच्या गल्ल्यातून ४,५०० जातील. आठवड्याच्या खर्चीवर राबणाऱ्या मुलापेक्षा हा खर्च जास्त आहे, हे आम्ही लपवीत नाही. योजना म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. पण चार पैसे जास्त मिळाले म्हणून शिकलेला मुलगा शेजारच्या कारखान्यात जातो, ही तक्रारही आपलीच ना? करार झाला म्हणजे मुदत ठरते, आणि दाखल्याच्या आशेने मुलगा टिकतो.

लहान कारागिराने काय करावे?

उस्ताद आणि दोन पोरे, एवढ्या दुकानाला वरील योजना लागू पडत नाही. सुतार, लोहार, कुलूप बनविणारे, शिंपी, न्हावी, गवंडी अशा १८ धंद्यांसाठी २०२३ साली ‘पीएम विश्वकर्मा’ योजना आली. तीत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज आहे. वय १८ पूर्ण हवे आणि कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. मोटार मेकॅनिक या यादीत नाही, हे गॅरेजवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १४ वर्षांखालील मूल कामाला ठेवणे हा गुन्हा आहे, आणि धोक्याच्या कामात १८ पर्यंत मनाई आहे. त्या वयाच्या मुलाची जागा शाळेत आहे. ‘शिकायला ठेवला आहे’ ही सबब चालत नाही.

बाकीच्यांनी एवढे करावे: मुलाचे आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि बँक खाते तयार ठेवून जवळच्या सरकारी आय.टी.आय.मध्ये शिकाऊ उमेदवारीची चौकशी करावी. अर्ज भरता येत नसेल तर मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या तरुणाला सोबत घ्यावे. कागदाची भीती बाळगून आपण आपल्या हिशेबाच्या वह्या वाचवतो, पण त्यात मुलाची वर्षे जातात. उस्तादाने हात दिलाच आहे. आता त्या हाताने एक सहीही करावी.