तहाची कलमं वाचणारे कुठं गेले?

नरसी नामदेवला पंजाबातून आलेली माणसं नवी नाहीत. नांदेडला हुजूर साहिबचं दर्शन झालं की त्यांतली कितीतरी कयाधूच्या काठी आमच्या गावाला येतात आणि नामदेवांच्या जन्मगावी डोकं टेकवतात. वारकऱ्याला नामदेवांचे अभंग पाठ असतात, त्यांना गुरू ग्रंथ साहिबातली नामदेवांची ६१ पदं. एकमेकांची बोली धड कळत नाही, तरी पायरीवर बसून दोघांचं बोलणं चालतं. दोन दूरचे मुलूख जोडायचे तर मधली वाट कुणाला तरी तुडवावी लागते, हे मला कोणत्याही पुस्तकाआधी या पायरीनं शिकवलं.

वर्तमानपत्रांतले परराष्ट्र व्यवहारावरचे स्तंभ मी पन्नासहून अधिक वर्षं वाचतो आहे, काही वर्षं लिहिलेही. एवढ्या वाचनातून माझं एकच म्हणणं तयार झालं. युद्धावर लिहिणारे आपल्याकडं उदंड झाले, तहावर लिहिणारे थोडे. आणि तहावर लिहायचं तर त्याची कलमं वाचावी लागतात.

मराठीला हा विषय उसना नाही. तह, तहनामा, वकील, शिष्टाई, मध्यस्थी हे शब्द आपल्या दप्तरांतले आहेत. फसलेल्या समेटालाही आपण ‘कृष्णशिष्टाई’ असं आदरानं म्हणतो, कारण प्रयत्न झाला होता. पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे हैदराबादेच्या दरबारातून पुण्याला पत्रं लिहीत. आजच्या स्तंभलेखकाचा मूळपुरुष मी त्यांच्यात पाहतो. समोरच्याला नेमकं काय हवं आहे हे ओळखणं हेच वकिलाचं काम होतं.

वर्तमानपत्रांच्या काळात तर खुद्द संपादकच तहाच्या दारापर्यंत गेला. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा टिळक लंडनमध्ये होते. पॅरिसच्या शांतता परिषदेला काँग्रेसनं त्यांना प्रतिनिधी नेमलं, पण सरकारनं पासपोर्ट दिला नाही. मग १९१९च्या मार्चमध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी मांडली. ‘केसरी’कारांचं हे पत्र मला त्यांच्या अनेक अग्रलेखांइतकंच मोलाचं वाटतं. त्यात नुसता त्रागा नाही, मागणी आहे.

आम्हा मराठवाड्याच्या लोकांना आंतरराष्ट्रीय राजकारण वर्तमानपत्रातून शिकावं लागलं नाही, ते दारात आलं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. तो मोडत गेला तशी गावागावांत रझाकारांची दहशत वाढली. ऑगस्ट १९४८मध्ये निजाम सरकारनं आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं नेलं. मोईन नवाज जंग यांचं शिष्टमंडळ पॅरिसला गेलं आणि १६ सप्टेंबरला हा विषय तिथं चर्चेला आला. दुसऱ्या दिवशी इथं भारतीय फौजांपुढं निजामाची शरणागती झाली होती. माझे वडील तेव्हा विशीत होते. पॅरिस कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण तिथं आपल्या नशिबाचा कागद वाचला जातोय हे ठाऊक होतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ या पत्रानं निजामाच्या बंदीला तोंड देत आणि पुढं अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली या प्रदेशाला जी राजकीय समज दिली, तिच्यावर आमची पिढी वाढली.

अलिप्ततावादाच्या परिषदांवरचं लेखन मी भराभर ओलांडतो. भाषणांचे गोषवारे आणि पाहुण्यांच्या याद्या, यापलीकडं त्यातलं फार थोडं टिकलं. त्याच काळात ‘माणूस’ साप्ताहिकात मात्र श्री. ग. माजगावकरांनी जगाला जागा दिली आणि अरुण साधूंनी चीनच्या क्रांतीवर ‘आणि ड्रॅगन जागा झाला’ लिहिलं. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये गोविंद तळवलकर १९६८ ते १९९६ संपादक होते. युरोप आणि सोव्हिएत संघावर त्यांनी ज्या तयारीनं लिहिलं, तिच्यामुळं तालुक्याच्या गावातल्या मास्तरालाही बर्लिनची भिंत आपली वाटली. दि. वि. गोखले युद्धाचे जाणकार, पण युद्ध कशासाठी आणि कुठं थांबवायचं हेही ते सांगत. विजय नाईक यांनी दिल्लीतल्या साउथ ब्लॉकचं अंतरंग मराठीत आणलं. ही मोठी माणसं होती आणि त्यांचं ऋण मी मानतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडं येतो. १९७२चा दुष्काळ. आम्ही खडी फोडायच्या कामावर होतो. जुलैत भारत आणि पाकिस्तान यांच्यात सिमला करार झाला होता. दुपारी भाकरी सोडताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, “का रं बाबा, ते कैदी सोडून दिले म्हणं आपण. खरं हाय का?” मी आदल्याच आठवड्यात एका स्तंभात तसं वाचलं होतं. मी “हो” म्हणालो. म्हातारा गप्प झाला. त्याच्या भावकीतला एक जण फौजेत होता.

ते उत्तर चूक होतं. पुढं कराराचा मजकूर हाती आला तेव्हा पाहिलं की २ जुलै १९७२च्या त्या करारात कैद्यांची सुटका नाहीच. शेवटच्या कलमात एवढंच आहे की युद्धकैद्यांच्या परतीसह उरलेल्या प्रश्नांवर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी पुन्हा भेटतील. सुमारे ९३ हजार कैद्यांचा निकाल लागला तो २८ ऑगस्ट १९७३च्या दिल्ली करारानं. पाकिस्तानी फौजेची शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त फौजांपुढं झाली होती, म्हणून बांगलादेशची संमती लागत होती. सिमल्यात ते एकट्या भारतानं सोडण्यासारखे नव्हतेच. तरीही आजसुद्धा जुलै उजाडला की कुणीतरी ‘सिमल्यात कैदी देऊन टाकले’ असं लिहितं. सिमल्यावर टीका करायला भरपूर जागा आहे, जरूर करावी. पण जे कलम कागदावर नाही त्याच्यावर करू नये. त्या म्हाताऱ्याला दिलेलं उत्तर मला नंतर दुरुस्त करता आलं नाही. तेव्हापासून मजकूर वाचल्याशिवाय कोणत्याही करारावर एक ओळही लिहायची नाही, हा नेम मी पाळला.

काही मित्र म्हणतात, कलमं रूक्ष असतात, वाचकाला नकोत. मला हे मान्य नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला वाटणीपत्र कळतं, बांधाची खूण कळते, येलदरीचं पाणी कुणाला किती हेही कळतं. त्याला १९६०चा सिंधू करार का कळू नये? रावी, बियास, सतलज आपल्याकडं. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानकडं. ही तर नद्यांची वाटणी आहे. २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीनं काळ्या समुद्रातल्या धान्यवाहतुकीचा करार झाला. युद्ध चालू असताना युक्रेनच्या तीन बंदरांतून धान्य आणि सूर्यफूल तेल बाहेर पडलं. वर्षभरानं, १७ जुलै २०२३ला रशियानं अंग काढून घेतलं. तेलाच्या दराशी आमच्या सोयाबीनचा दर बांधलेला. पण या कराराची कलमं शेतकऱ्यापुढं मांडणारे मराठी लेख मला बोटांवर मोजण्याइतकेच सापडले. रणगाड्यांची वर्णनं मात्र रोज होती.

आजच्या ऱ्हासाचं दुःख हेच आहे. अभ्यासू माणसं आजही आहेत. निळू दामले त्या त्या देशात जाऊन लिहितात, शैलेंद्र देवळाणकर सातत्यानं समजावून सांगतात. पण एकंदर सूर बदलला. चर्चा म्हटली की माघार, समेट म्हटला की दुबळेपणा, असं समीकरण तरुण लेखक सहज वापरतात. तह करायला गेलेला माणूस घरी शिव्या खातो आणि तिकडं समोरच्याच्याही. त्याची बाजू समजून सांगणं हे स्तंभलेखकाचं काम आहे.

शेवटी पुन्हा पंजाब. नामदेव जिथं राहिले ते घुमान गुरदासपूर जिल्ह्यात. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं. त्याच जिल्ह्यातल्या डेरा बाबा नानकहून पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याची वाट सरहद्द ओलांडते. २०१९ साली पुलवामा झालं, बालाकोट झालं, ऑगस्टमध्ये संबंध तुटेपर्यंत ताणले, आणि तरीही २४ ऑक्टोबरला दोन्ही देशांनी या वाटेचा करार केला. रोज ५ हजार भाविक, व्हिसा नाही. ७ मे २०२५ रोजी आपल्या बाजूनं ही वाट बंद झाली. बंद झाल्याची बातमी सगळ्यांनी छापली. पाच वर्षांची मुदत संपताना ऑक्टोबर २०२४मध्ये दोन्ही देशांनी तो करार आणखी पाच वर्षं वाढवला होता, हे फार थोड्यांनी सांगितलं.

वाट बंद झाली, पण कागदावर ती २०२९पर्यंत आहे.