शेळीची पाणथरी, कोंबडीची पाणथरी

मटणाच्या दुकानात तिल्ली, पुस्तकात प्लीहा. वऱ्हाडातल्या बेरारी शेळीची पाणथरी चपटी, त्रिकोणी; डाव्या बाजूला मोठ्या पोटाला चिकटलेली, पोट उघडताच दिसणारी. कोंबडीची मात्र शोधावी लागते. ग्रंथिल जठर आणि पेटा जिथं जुळतात तिथं, उजव्या अंगाला, बोराएवढी लालसर तपकिरी गोळी. वजन जेमतेम दोन-चार ग्रॅम. पण कोंबडीचं संरक्षण या बोरावर जितकं अवलंबून आहे तितकं शेळीचं तिच्या पाणथरीवर नाही.

अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेसारख्या संस्थांत दोन्ही पाणथऱ्यांतला हा फरक काचपट्टीवर शिकला जातो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर साधारण ५ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिननं रंगवायचे. केंद्रकं निळी-जांभळी होतात, बाकीचं गुलाबी.

शेळीचा काप नकाशासारखा वाचता येतो. बाहेर स्नायुतंतूंचं जाड वेष्टण, त्यातून आत शिरलेले पडदे. तांबड्या गरात रक्त गाळलं जातं, म्हाताऱ्या तांबड्या पेशी तिथंच मोडीत निघतात. पांढऱ्या गरात धमनीभोवती टी-पेशींचं आवरण, बाजूला बी-पेशींचे गोल पुंजके आणि दोन्ही गरांच्या सीमेवर जंतू टिपणारा पट्टा.

कोंबडीच्या कापात नवखा विद्यार्थी गोंधळतो. वेष्टण पातळ, पडदे जवळजवळ नाहीतच. त्यात पक्ष्यांच्या तांबड्या पेशींनाही केंद्रक असतं, त्यामुळे सगळीकडे जांभळे ठिपके आणि तांबड्या-पांढऱ्या गराची सीमा पुसट. सस्तनांसारखा सीमापट्टाही इथं नाही. त्याचं काम बारीक केशवाहिन्यांभोवतीची जाड वेष्टणं करतात. त्यांना एलिप्सॉइड म्हणतात. रक्तातून आलेला जंतू तिथं अडकतो, भोवती बी-पेशींचं कडं असतं आणि जंतू टिपलेल्या पेशी पुढे सरकून प्रतिपिंडं घडवणाऱ्या केंद्रांपर्यंत पोचतात. एलिप्सॉइड कुत्र्यातही दिसतात, पण कोंबडीत सारी मांडणीच त्यांच्याभोवती आहे. मला ही रचना फार देखणी वाटते.

पांढऱ्या पेशींतही फरक आहे. शेळीत न्यूट्रोफिल धावून जातात, कोंबडीत हेटेरोफिल, लाल दांडीसारख्या कणांनी भरलेले. न्यूट्रोफिलमधली काही विकरं त्यांच्यात नसतात. म्हणूनच कोंबडीचा पू पातळ होत नाही; पिवळा, कोरडा, घट्ट गोळा होतो. तो फार्मवाल्यांनी पाहिलेला असतो, त्याचं कारण क्वचितच कुणी सांगितलेलं असतं.

शेळीला, गाईला जबड्याखाली, खांद्यापुढे, आतड्यालगत लसिकाग्रंथींची साखळी असते. २०२२ मध्ये अकोला-अमरावतीत गुरांचा लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठी पशुपालकांनी स्वतःच्या बोटांनी चाचपल्या. कोंबडीला अशा ग्रंथीच नाहीत. रक्तात शिरलेल्या जंतूशी सामना मुख्यतः पाणथरीतच.

आणि या पाणथरीला बी-पेशी पुरवतो तो बर्सा, गुदद्वाराजवळची छोटी पिशवी. १९५० च्या दशकात अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांनी पिलांचा बर्सा काढला आणि त्या पक्ष्यांत प्रतिपिंडं तयार होत नाहीत असं आढळलं. १९५६ मध्ये हा शोध कोंबडीपालनाच्या एका नियतकालिकात छापला गेला. बी-पेशीतला ‘बी’ या बर्साचाच. माणसाच्या रक्ततपासणीतही तो आज येतो, हे ऋण कोंबडीचं.

अमरावती हे विदर्भातलं कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र. तिथल्या शेडमध्ये गंबोरो हा शब्द धाकानंच उच्चारला जातो. अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या गंबोरो गावापाशी १९६२ मध्ये वर्णन झालेल्या या रोगाचा विषाणू तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांच्या बर्सातल्या बी-पेशी मारतो. पिलू यातून वाचलं तरी पाणथरीकडे जाणारा पुरवठा आटलेला असतो. मग राणीखेतची लासोटा लस वेळेवर देऊनही ‘लागत’ नाही आणि दोष लसीला दिला जातो. मोठ्या पक्ष्यात बर्सा आपोआप आक्रसतो. तोवर पाणथरी भरलेली असायला हवी. उलट पाणथरीच भलतीच मोठी, पांढुरक्या गाठींची दिसली तर मरेक्स रोगाची शंका घ्यावी.

म्हणून मेलेल्या पिलाचं पोट फाडून फक्त यकृत आणि आतडी पाहणं मला पुरेसं वाटत नाही. बर्सा आणि पाणथरी दोन्ही काढावीत. अर्ध्या सेंटिमीटरचे काप करून दहापट आकारमानाच्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकावेत; फ्रीजरमध्ये गोठवू नयेत, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. विषाणू तपासणीचा नमुना वेगळा, बर्फावर. हे पक्ष्यांपुरतं, तेही बर्ड फ्लूची शंका नसताना; मरतूक अचानक वाढली तर आधी पशुवैद्यकाला बोलवावं. गाय किंवा शेळी एकाएकी मेली आणि नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर फाशी रोगात पाणथरी सुजून मऊ होते हे पाहायलासुद्धा ते जनावर उघडायचं नाही. तसंच ठेवून पशुवैद्यकाला कळवायचं.