देवणी गोवंश : वर्णन, नामाभिधान आणि संवर्धन

देवणी गोवंशाचे नाव लातूर जिल्ह्यातील एका गावावरून पडले असले, तरी त्याचा प्रदेश एका राज्यापुरता वा एका भाषेपुरता मर्यादित नाही. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात आणि पलीकडे कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात तो आढळतो; ‘डोंगरपट्टी’ हे त्याचे दुसरे नाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी उदगीर तालुका बीदर जिल्ह्यातच होता. सीमा नंतर आली. गुरांच्या बाजाराने ती फारशी मानली नाही.

एखाद्या गोवंशाची स्वतंत्र जात म्हणून निश्चिती करताना आकारमान, शिंगे, कान, वशिंड, रंग, दूध व ओढकामाची क्षमता यांची नोंद होते. रक्तनमुन्यांवरून जनुकीय चिन्हके तपासून शेजारच्या जातींपासूनचे अंतर ठरते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही नोंदणी करतो. परंतु देवणीच्या बाबतीत या शास्त्रीय वर्णनाने आपली मुख्य परिभाषा पशुपालकांकडूनच घेतली आहे. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना काळा रंग असलेला पांढरा तो ‘वानेरा’ (वानराशी असलेले साम्य ऐकताक्षणीच जाणवते), अंगभर अनियमित काळे ठिपके असलेला तो ‘शेवरा’ आणि पांढरा तो ‘बालंक्या’. बालंक्याविषयी वर्णनांत एकवाक्यता नाही : कोठे तो निखळ पांढरा, तर कोठे पोटाखाली काळे ठिपके असलेला. प्रस्तुत लेखकाच्या मते हा केवळ नोंदीचा दोष नव्हे. गोठ्यातील बोली कोष्टकात बसवताना असे होणारच.

या तपशिलाचे महत्त्व व्यावहारिक आहे. कृत्रिम रेतनात एका वळूचे रेत हजारो गायींपर्यंत पोचते. वळूंची निवड एकाच रंगप्रकारातून होत गेली, तर उरलेले दोन प्रकार कोणाच्या ध्यानी न येता क्षीण होतील, आणि आकडेवारीत देवणी मात्र सुरक्षित दिसेल. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये रेत दीर्घकाळ टिकते, हे खरे. पण कोणते रेत साठवायचे, हे आधीच्या वर्णनावरच ठरते.

२०१९ च्या पशुगणनेत देशी आणि ‘अवर्णित’ गोवंश २०१२ च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटून १४.२१ कोटींवर आला. यातील ‘अवर्णित’ हा शब्द मुद्दाम लक्षात घ्यावा. अशा गुरांना त्यांच्या गावात नाव नसते असे नाही. ते नोंदवहीपर्यंत पोचलेले नसते, एवढेच.